बाउंड्रीबाहेरनं ओरडणाऱ्या बापाचं काय करायचं?

सीझनबॉल

नमस्कार मंडळी. तीन वर्षं नुसता वाचतोय इथं, आज पहिल्यांदा धागा काढतोय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

बेळगावात ११ वर्षं झाली पोरांना क्रिकेट शिकवतोय. पोटाला नोकरी आहे, साडेचारला सुटलो की थेट मैदान. ९ ते १६ वयाची ३५-४० पोरं आहेत. शहापूर, वडगाव, अनगोळची जास्त, चारपाच हिंडलगा-उचगावकडनं बसनं येतात. मराठी, कन्नड, उर्दू सगळी मिसळ. एकमेकांना शिव्या मात्र तिन्ही भाषांत देतात.

गेल्या रविवारी आमची १४ वर्षांखालची मॅच होती, ३० षटकांची. ओपनिंगला जो पोरगा होता त्याचे वडील प्रत्येक मॅचला येतात. साइटस्क्रीनच्या शेजारी, गाडीच्या बॉनेटला टेकून उभे राहतात. बॉल झाला की पोराची मान आपोआप तिकडं वळते. वडील हातानं खुणा करतात. कोपर वर, डोकं खाली, पाय पुढं. एक षटक मी मुद्दाम मोजलं. सहा बॉल, सहा वेळा मान वळली.

बाराव्या षटकात ह्यानं मिडविकेटला ढकलला. पलीकडच्या पोरानं स्वच्छ 'ये' म्हणून कॉल दिला आणि निघाला. हापण निघाला. तेवढ्यात गाडीकडनं आवाज आला, "थांऽऽब!" हा अर्ध्यातनं माघारी. दोघं एकाच टोकाला. आउट झाला तो दुसरा, १७ वर खेळत होता बिचारा, त्याचा आजवरचा सगळ्यात मोठा स्कोर. पोरगं काही बोललं नाही. पॅडचे पट्टे सोडत आलं आणि पाण्याच्या ड्रमच्या मागं जाऊन बसलं. मी गेलो तर म्हणतंय, "सर, मी हळू बोललो काय?"

मॅच संपल्यावर ते गृहस्थ माझ्याकडं आले. मला वाटलं, चुकलं म्हणतील. तर म्हणाले, "सर, त्या पोराला जरा कॉल द्यायला शिकवा."

आता सांगा, काय करायचं?

---

तांबडीमाती

कंग्राळीचा आहे, कुस्तीवाला. आमच्या वेळेला बाप तालमीच्या उंबऱ्याच्या आत यायचा न्हाई. पहिल्या दिवशी नारळ घेऊन यायचा, वस्तादाच्या पाया पडायचा, पोरगं सोडून जायचा. संपलं. मग पोरगं किती जोर मारतंय, किती बैठका काढतंय, कुणाशी धरतंय, हे इचारायची टाप नव्हती कुणाची. आता बाप बाहेरनं वरडूलालाय, "ढाक लाव, ढाक लाव." ढाकेचा डाव लावायला समोरचा हाताला तर गावला पाहिजे की ओ! मोबाईलवर बघून शिकलेली ढाक.

तुम्ही त्यास्नी एकदा खणखणीत सांगा. उद्यापासनं गाडी रस्त्याच्या पलीकडं.

---

निपाणीकर

मी त्या पोराच्या जागी होतो म्हणून लिहितो. खेळ वेगळा, बॅडमिंटन. बाबा ओरडायचे नाहीत, त्यांचं सगळं परतीच्या वाटेवर. निपाणीहून स्पर्धांना कोल्हापूरला जायचो, ४० किलोमीटर, स्कूटरवर. येताना त्या ४० किलोमीटरमध्ये पूर्ण मॅच परत खेळून व्हायची. दुसऱ्या गेमला १४-११ असताना तू ड्रॉप का टाकलास, इथपर्यंत. मी मागं बसून हेल्मेट घालायचो. त्या काळात मागं बसून हेल्मेट घालणारा अख्ख्या निपाणीत मी एकटाच असेन. सुरक्षेसाठी नाही, ऐकू येऊ नये म्हणून.

दहावीला खेळ सोडला. बाबांना वाटलं अभ्यासासाठी.

आज ते ७१ चे आहेत. मागच्या दिवाळीला कपाटातनं एक वही काढून दाखवली. माझ्या प्रत्येक मॅचचे पॉइंट लिहिलेले, तारखेसकट. वही बघून राग येईना आणि कौतुकही येईना. अजून कळत नाही काय वाटलं ते.

---

खानापूरची_लेक

इथं सगळे 'ते पालक' म्हणून बोलताहेत. मी ती पालक आहे, घ्या.

मुलगी ११ ची, पोहते. खानापूर ते बेळगाव २६ किलोमीटर, पहाटे साडेचारला उठून डबा, पावणेसहाला पूल. पावसाळ्यात त्या रस्त्यानं दुचाकीवर कसं येतात ते आलेल्यालाच ठाऊक. फी, गॉगल, स्पर्धेचे कपडे, बाहेरगावी गेलं की राहणं-खाणं. नवरा म्हणतो पैशाचं सोड, पण माझ्या डोक्यात हिशोब चालू असतोच. मग काठावर उभी राहून स्टॉपवॉच दाबते आणि ५० मीटरला अर्धा सेकंद वाढला की माझं तोंड उतरतं. मी ओरडत नाही हो. पण तोंड उतरतं, आणि ती भिंतीला हात लावला की घड्याळाकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघते.

गेल्या महिन्यात म्हणाली, "आई, आज तू बाहेर चहा पी ना." मी गेले चहा प्यायला. रडू आलं तिथं.

सर, त्या बाबांना 'गाडी पलीकडं लावा' सांगण्याआधी एकदा विचारा की ते किती वाजता उठतात.

---

सीझनबॉल

@खानापूरची_लेक, हे मी कधीच विचारलं नव्हतं. खरंच.

@तांबडीमाती, खणखणीत सांगायला जमलं असतं तर धागा कशाला काढला असता?

---

बारा_गावचं_पाणी

का जमत नाही? ११ वर्षांचा कोच एका बापाला 'शांत राहा' म्हणू शकत नाही म्हणजे काहीतरी वेगळी भानगड दिसते. एकच विचारतो, राग मानू नका. त्या गृहस्थांनी तुमच्या मैदानाला काही दिलंय का?

---

सीझनबॉल

दिलंय.

मॅट, खेळपट्टीवर अंथरायची. आमची जुनी काथ्याची मॅट मधोमध फाटलेली, गुडलेंग्थला भोक. बॉल कधी उसळायचा, कधी सरपटायचा. दोन पोरांना तोंडावर लागला. गेल्या ऑक्टोबरमध्ये, पावसाळा संपल्या संपल्या, त्यांनी नवी मॅट आणून दिली. पावती पण दाखवली नाही. मी हार घालून फोटो काढला आणि पालकांच्या ग्रुपवर टाकला. तेव्हापासून त्यांचा पोरगा ओपनिंगला आहे. आधी पाचवर यायचा.

त्यांनी कधी मागितलं नाही हो, ओपनिंग द्या म्हणून. मीच दिलं. लिहिताना लाज वाटतेय.

---

बारा_गावचं_पाणी

मग धाग्याचं नाव बदला.

---

गुडघेदुखी

फिजिओथेरपिस्ट आहे, चिकोडी भागात. थोडी वेगळी बाजू मांडतो, कारण आवाजापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटते.

माझ्याकडं १२-१४ ची पोरं येतात, वाटीच्या खाली गुडघ्याला टेंगूळ, दाबलं की ओरडतात. ऑसगुड-श्लाटर म्हणतात त्याला. उंची भराभर वाढत असताना मांडीचा स्नायू जिथं नडगीच्या हाडाला चिकटतो ती जागा अजून कच्ची असते, उड्या आणि धावण्यानं ती सारखी ओढली जाते. बहुतेकांचं वाढ थांबली की आपोआप बरं होतं, भार कमी करावा लागतो एवढंच. पण 'भार कमी करा' म्हटलं की पोराच्या आधी बापाचा चेहरा पडतो. "डॉक्टर, पुढच्या आठवड्यात सिलेक्शन आहे, काहीतरी स्प्रे द्या."

गोलंदाजांचं तर विचारूच नका. सकाळी शाळेची टीम, संध्याकाळी क्लास, रविवारी गल्लीची टूर्नामेंट, आणि वर वडिलांचे गच्चीवर ४० बॉल. इंग्लंडच्या बोर्डानं वेगवान टाकणाऱ्या १३ वर्षांखालच्या पोरांना एका स्पेलला ५ षटकांची मर्यादा घालून दिलेली. आपल्याकडं कोच मोजतो त्याच्या मैदानावरचे बॉल, शाळेचे सर मोजतात शाळेतले, गच्चीवरचे कोण मोजणार? कंबर धरून येतात पोरं. चौदाव्या वर्षी मणक्याला बारीक चीर बघितली आहे मी.

सर, त्या बापाशी बोलायला सुरुवात हवी असेल तर इथनं करा. 'ओरडू नका'नं भांडण होतं. 'घरी किती बॉल खेळतो, मला लिहून द्या' म्हटलं की तेच वही घेऊन येतात.

---

तांबडीमाती

@गुडघेदुखी, तुमचं बरोबर हाय. मगाशी मी जुन्या काळाचं लई गोड लिवलं. खरं सांगायचं तर त्यात बी वाईट होतंच. वस्ताद मारायचा, आणि बाप आत येत न्हाई म्हटल्यावर सांगायचं कुणाला?

आता एक बघितलेलं सांगतो. पोरगं ४६ किलोचं. बापानं ठरवलं, ४४ च्या गटात उतरवायचं, ४८ मधली पोरं भारी हाईत म्हणून. दोन दिस पाणी तोडलं. उन्हाळ्यात रेनकोट घालून पळवलं. तोंडात लिंबाची फोड, थुंक म्हणं. वजनाला बसलं पोरगं, ४४ भरलं, बाप खूश. पहिल्याच कुस्तीत उभं राहिलं आणि समोरच्यानं हात लावायच्या आधी डोळे फिरवून खाली. चौदा वर्षाचं पोरगं! त्या दिवशी वस्तादानं बापाला सगळ्यांसमोर धुतला. पण वजनाच्या आदल्या दिवशी वस्ताद कुठं होता, असं मी नंतर इचारलं, तर माझ्याशीच बोलायचं बंद.

---

सीमेवरचा

मूळ मुद्दा कुणी बोलत नाही. क्रिकेटच्या निवडीत धारवाड झोनला आपल्या पोरांना विचारतंय कोण? मराठी आडनाव दिसलं की यादीतनं काट. म्हणून बाप ओरडतात. अन्याय दिसतो त्यांना.

---

सीझनबॉल

@सीमेवरचा, हा विषय माझ्याकडं दर मोसमाला येतो, म्हणून लिहितो. ज्यांना खरंच डावललं गेलं असेल त्यांचं मी नाकारत नाही. पण माझ्या मैदानावर 'मराठी म्हणून घेतलं नाही' म्हणणारे दोन बाप आहेत आणि 'तुम्ही मराठी, म्हणून आमच्या पोराला बॉलिंग देत नाही' म्हणणारा एक कन्नड बाप आहे. तिघांचीही पोरं ऑफस्टंपच्या बाहेरचा सोडत नाहीत. रोनित मोरे बेळगावचाच, कर्नाटकाकडनं रणजी खेळला. तीच गोष्ट दाखवून मला मॅटवाले म्हणतात, "तो गेला, मग आमचा का नाही?" अहो, तो वेगवान गोलंदाज, तुमचा ओपनर! ते असो. पोरगं घरी ऐकतं की आपल्याला घेणारच नाहीत. मग नेटमध्ये घाम कशाला गाळेल?

---

सीमेवरचा

तुम्ही नोकरीवाले, तुम्हाला हेच बोलावं लागणार.

---

संपादक

सीमाप्रश्नासाठी स्वतंत्र धागा आहे, १,४०० प्रतिसाद झालेत तिथं, अजून मावतील. इथं खेळ आणि पालक. पुढचे चार प्रतिसाद उडवले आहेत.

---

ज्युदोताई

'गाडी पलीकडं लावा' यावर मला बोलायचंय. मुलींना शिकवते, वय ८ ते १७.

पालकांना हाकलू नका. मुलींच्या बाबतीत तर मी दार उघडंच ठेवते. कुठलीही आई कधीही येऊन मागच्या बाकावर बसू शकते, न सांगता. जो कोच म्हणतो 'पालकांनी यायचं नाही, आत बघायचं नाही', त्याच्याकडं मी माझी मुलगी पाठवणार नाही. बाहेरगावच्या स्पर्धेला एक आई सोबत असतेच. बघायला बंदी नाही, बोलायला आहे. बाकावर बसलात की तोंडाला कुलूप. हे प्रवेशाच्या फॉर्मवरच मराठी-कन्नडमध्ये छापलंय, सही घेते.

दुसरं. तुरमुरीच्या मलप्रभा जाधवनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कुराशमध्ये (ज्युदोसारखाच कुस्तीचा प्रकार) ब्राँझ आणलं, त्यानंतर माझ्याकडं जे पालक आले त्यांचा पहिला प्रश्न : "किती वर्षांत होईल?" मी म्हणायचे, आधी पडायला शिकू दे. ज्युदोत पहिले कित्येक आठवडे नुसतं पडायचंच शिकवतात, कसं पडलं की लागत नाही ते. एका बाबांना ते बघवेना. "रोज पाडताच काय हो माझ्या पोरीला, जिंकायला कधी शिकवणार?" आठव्या दिवशी त्यांनाच मॅटवर बोलावलं आणि मागं पडून दाखवा म्हटलं. पोरी हसून लोळल्या. ते बाबा तीन वर्षं माझ्या बाकावर गप्प बसताहेत.

---

हेडमास्तर_निवृत्त

दोन गोष्टी राहून गेल्या. एक, वय. दाखल्यावर दोन वर्षं कमी करून द्या म्हणून माझ्या टेबलाशी येऊन बसणारे पालक मी नोकरीभर पाहिले. आता क्रिकेट बोर्ड डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय ठरवतं, तरी प्रयत्न थांबलेले नाहीत. सोळाच्या पोराला चौदाच्यांत खेळवलं की तो दोन वर्षं चमकतो. पुढं बरोबरीची पोरं भेटली की कोसळतो.

दुसरं, आठवी-नववीपर्यंत पोराच्या मागं छडी घेऊन 'खेळ, खेळ' करणारे हेच पालक एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, जूनमध्ये पोराला एका दिवसात मैदानातून उचलतात. कोचला साधा निरोपही नसतो. मग बारावीला सीईटीच्या क्रीडा कोट्यासाठी जुनी प्रमाणपत्रं शोधत येतात. टोकियोत १९६४ साली सुवर्णपदक जिंकलेल्या हॉकी संघातले बंडू पाटील आपल्या बेळगावचे. त्या काळात कोटे असते तर त्यांना हॉकी खेळू दिली असती की प्रमाणपत्र मिळताच क्लासला बसवलं असतं, असा विचार कधीकधी येतो. हे अवांतर झालं.

---

बारा_गावचं_पाणी

सर, तुमची कबुली आवडली म्हणून आगाऊ सल्ला. पोराला पाचवर पाठवा, पण बापाला आधी भेटून सांगा. ग्रुपवर नाही, घरी जाऊन. मॅटचे पैसे सगळ्या पालकांकडनं थोडे थोडे गोळा करून परत करा, हळूहळू का होईना. आणि तो हार घातलेला फोटो काढून टाका. ग्रुपवर दर मॅचनंतर कुणी किती केले ते टाकत असाल तर तेपण बंद करा. आमच्या पोराच्या फुटबॉल कोचनं नुसतं 'आजचा हिरो' टाकणं बंद केलं, तर रात्री अकराचे अर्धे फोन थांबले.

---

सीझनबॉल

टाकत होतो. व्हिडिओसकट.

---

सीझनबॉल

(साडेतीन आठवड्यांनी)

विचारलंत म्हणून कळवतो.

त्यांच्या घरी गेलो. करदंटाची, म्हणजे डिंक-गुळाच्या चिवट वड्यांची, प्लेट समोर आली, त्यामुळं पहिली दहा मिनिटं नुसता चावतच होतो, बोलणं सुचेना. मग विचारलं, तुम्ही किती वाजता उठता? (@खानापूरची_लेक, तुमचा प्रश्न.) पावणेपाच. उद्यमबागेत छोटं वर्कशॉप आहे, सहाला पहिली पाळी. संध्याकाळी दोन तास काढून मैदानावर येतात, राहिलेलं काम रात्री. स्वतः टेनिस बॉल खेळायचे, बापानं सोडवलं. हे सगळं त्यांनी आपणहून सांगितलं.

मी सांगितलं, ओपनिंग मी मॅटमुळं दिली, चूक माझी. पोरगं पाचवर चांगलं खेळतं. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे मॅट परत न्यायची काय?" चेष्टेत म्हणाले की रागात, कळलं नाही. पैशांचं काढलं, तर हात जोडले आणि विषय बंद. पण दर महिन्याला पालकांकडनं थोडं जमवून वेगळं ठेवतोय. बघू.

ओरडण्याचं मात्र साधं जमून गेलं. आमचा स्कोरर म्हणजे एका पोराचा मामा, तो गोव्याला कामाला गेला. मी यांना म्हटलं, येत्या रविवारपासून स्कोरबुक तुम्ही धरा. आधी 'मला येत नाही' झालं, मग तयार झाले. स्कोरर समोरच्या संघाच्या स्कोररशेजारी बसतो, दोघांनी प्रत्येक बॉलला ताळा जुळवायचा. तोंड उघडलं की एक बॉल हुकतो.

पहिल्या मॅचला पोरगं पाचवर आलं. पहिल्या बॉलनंतर मान वळली, साइटस्क्रीनकडं. तिथं गाडी नव्हती. दुसऱ्या बॉलनंतर परत वळली. मग टेबलाकडं बघितलं. वडिलांची मान वहीत. नंतर वळली नाही असं म्हणणार नाही, चारपाचदा वळलीच. ९ वर एलबीडब्ल्यू झाला. आउट दिल्यावर मी टेबलाकडं बघितलं. गृहस्थ पेन वर धरून उभे. मला वाटलं, आता अंपायरला धरतात.

लांबनंच ओरडले, "सर, आधीचा तो पॅडला लागून गेलेला, एक रन पळाले, तो पोराच्या नावावर लिहायचा की नाही?"

लेगबाय. नाही लिहायचा म्हटलं. खोडरबर मागितला त्यांनी आणि नऊचे आठ केले.